उपडी वाटी

बाजारातून घरी आले की अंबाजीराव आधी पाय धुवायचे आणि मग देवघराच्या फळीकडे बघायचे. बायको, सत्यवती, होती तेव्हाची सवय. ती गेली, सवय राहिली. तसं बघण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. फळीवर एक पितळेची वाटी होती आणि ती उपडी होती. उन्हाळ्यापासून उपडीच होती.

अंबाजीराव शेअर बाजारातले मंदीवाले. म्हणजे जवळ नसलेले शेअर आज विकून ठेवायचे, भाव पडला की स्वस्तात घ्यायचे आणि ज्याला विकले त्याला देऊन टाकायचे. मधला फरक आपला. घर मूळचं परभणीकडचं, कुणब्याचं. शेतकऱ्याच्या पोराला हा धंदा कसा जमला, असं लोक विचारत. ते म्हणत, "शेतकऱ्यालाच जमतो. सुगीत भाव कसा कोसळतो ते त्यानंच पाहिलेलं असतं. चढलेलं उतरतं. फक्त तोवर आपण उभं राहायला पाहिजे."

आणि तेच अवघड होतं. तेजीवाला बुडाला तर घातलेल्या पैशाएवढा बुडतो, कारण भाव शून्याच्या खाली जात नाही. पण चढणाऱ्या भावाला छत नसतं, आणि विकलेला माल मंदीवाल्याला कधीतरी घ्यावाच लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एकदा अंबाजीराव असे सापडले होते. भाव चढत होता, ते हट्टानं बसून होते, आणि घरी एक अक्षर बोलत नव्हते. सत्यवतीला शेअर कशाशी खातात ते माहीत नव्हतं. पण नवरा भाताचे मुटके करतो आणि ताटाच्या कडेला लावून ठेवतो, हे तिला दिसत होतं. हैदराबादेत बरकतपुऱ्यातलं घर जाता जाता वाचलं, तेव्हा तिनं त्यांना समोर बसवलं.

"तुम्ही काय विकून येता ते मला कळत नाही," ती म्हणाली. "पण नसलेलं विकून येता एवढं कळलं. मग ते मला दिसू द्या."

तिनं देवाच्या नैवेद्याची वाटी फळीवर उपडी घातली. "सौदा उघडा असेल तेव्हा ही अशी राहील. मिटला की तुमच्या हातानं सुलटी करायची. आणि सोमवारी मला महादेवाला दूध दाखवायचंय. सोमवारी वाटी उपडी चालणार नाही."

"अगं, बाजार काय सोमवार बघून पडतो?"

"नाही पडला तर तुम्ही उठून या."

त्यांनी वाद घातला. दुसरी वाटी घे, म्हणाले. तिनं घेतली नाही. वर म्हणाली, "लोकांच्या घरी वाईट झालं की तुमच्या घरी चांगलं होतं, असा तुमचा धंदा. करा, मी नको म्हणत नाही. पण आठवड्यातनं एकदा तरी सुलटे व्हा."

त्या वाटीला अंबाजीरावांनी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. कितीदा तरी शनिवारी सौदा मिटवला आणि मंगळवारी भाव कोसळला. पण त्या वाटीपायी ते पुन्हा कधी बुडाले मात्र नाहीत. सुलतान बाजारात त्यांच्या नावाला वजन आलं. मंदीवाला असून शांत झोपणारा माणूस, असं लोक म्हणत.

मागच्या भाद्रपदात सत्यवती मुदतीच्या तापानं गेली. देश स्वतंत्र होऊन महिना झाला होता. हैदराबादेत त्याचा पत्ता नव्हता. इथं निजामाचंच राज्य होतं आणि तिरंगा लावणारा तुरुंगात जात होता. तापात तिचे हात इतके वाळले की सोन्याच्या पाटल्या आपोआप कोपरापर्यंत सरकायच्या. शेवटी तिनं त्या काढून नवऱ्याच्या हातात दिल्या. "पमीच्या," म्हणाली. पमी म्हणजे त्यांची एकुलती मुलगी प्रमिला, सोलापूरला दिलेली. तिला तेव्हा दिवस गेले होते. आईच्या दहाव्याला ती जेमतेम पोचली. अशा दिवशी पाटल्या कशा द्यायच्या, म्हणून त्या राहून गेल्या. पुढं सरहद्दीवर नाकी बसली, गाड्या कधी सुटायच्या, कधी नाही. प्रमिलाला मुलगा झाला, पण तो अजून अंबाजीरावांनी पाहिला नव्हता.

उन्हाळ्यात त्यांनी मंजिरा मिलचे शेअर विकले. हिशेब सरळ होता. हिंदुस्थान सरकारनं नाकेबंदी केलेली. कोळसा नाही, यंत्राचे भाग नाहीत. मिल किती दिवस चालणार? भाव पडणारच. त्यांनी घरी येऊन वाटी उपडी घातली. आता बघायला कुणी नव्हतं, तरी घातली.

पण भाव पडला नाही. नाकेबंदीमुळं कापड सोन्यासारखं झालं आणि मिलचं जुनं कापड दामदुपटीनं जायला लागलं. लोकांकडं निजामाचे हाली रुपये पडून होते, ते बाहेर नेता येत नव्हते, म्हणून लोक मिळेल तो शेअर घेत सुटले. सोमवार आला. वाटी मागायला कुणी आलं नाही. अंबाजीराव देवापुढं उभे राहिले, म्हणाले, उद्या बघू. महादेवाला त्या दिवशी फुलपात्रातनं दूध दाखवलं. पुढच्या सोमवारी तेही नाही.

वलणाचा, म्हणजे देण्याघेण्याचा दिवस आला की ते बदल्याचे, म्हणजे मुदतवाढीचे, पैसे भरून सौदा पुढं ढकलायचे. भाव चढला की आणखी विकायचे. पूर्वी असं ते जन्मात करत नव्हते. आता कुणी "मंजिरा वर चाललंय" म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. वर का जावं काहीही? त्यांना वाटायचं, पडलं पाहिजे. सगळंच पडलं पाहिजे. हा आपला अंदाज आहे, असं ते समजत होते.

भाद्रपद उजाडला. वर्षश्राद्ध अष्टमीला, शनिवारी येत होतं. त्याच्या आधी मंगळवारी त्यांची थोरली बहीण जयवंता चिक्कडपल्लीहून आली. पदराच्या टोकाला मूठभर मीठ बांधून आणलेलं. मीठ तेव्हा मिळत नव्हतं.

"तुझ्या घरात असलं-नसलं म्हणून घेऊन आले," ती म्हणाली. "आणि हे काय, देवघरात जाळं? अंबा, देव काय भाडेकरू हायेत का तुझे?"

तिनं पदर खोचला, चिंच कोळली आणि देवाची भांडी खाली घेतली. अंबाजीराव ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. वाचत नव्हते. आतनं आवाज आला, "ही वाटी चिकटलीय की रं फळीला. किती दिवसांची—"

"हात लावू नको!"

जयवंता दचकली. भाऊ दारात उभा होता, तोंड लाल झालेलं. असा आवाज तिनं त्याचा कधी ऐकला नव्हता.

"का? विंचू हाय का खाली?"

"राहू दे म्हटलं ना आक्का."

ती हात पुसत त्याच्यासमोर आली. वाटीची गोष्ट तिला माहीत होती. सत्यवतीनं हसत हसत सगळ्या नणंदा-जावांना सांगितलेली. "कवापासनं उपडी हाय?" तिनं विचारलं.

ते वर्तमानपत्राची घडी घालायला लागले.

"म्हणजे पुष्कळ दिस झाले." ती खाली बसली. "हे बघ. शनिवारी तिचं पान वाढायचं. खीर तिच्या वाटीत वाढायची, का दुसरी आणू बाजारातनं? तूच सांग. माझं काय, मी आणते. पण तिला काय सांगू? तुझ्या नवऱ्याला सवड झाली नाही म्हणू?"

"भाव पडायला आलाय आक्का. आता चार-आठ दिवस. फौजा सरहद्दीवर आल्यात म्हणतात. त्या आत आल्या की मंजिरा आपटलंच."

"मी भाव नाही विचारला," जयवंता म्हणाली आणि परत आत गेली. बाकीची भांडी घासली. वाटी तशीच ठेवली.

बुधवारी दलालाचा निरोप आला. अप्पाराव हा त्यांचा दलाल, जुना दोस्त. घरी तेलुगू, बाजारात दखनी, आणि अंबाजीरावांशी मराठी बोलायचा. तिन्ही एका वाक्यात यायच्या. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानावर माडीवर त्याची पेढी होती. अंबाजीराव गेले तेव्हा तो पान लावत होता. लावलेलं पान त्यानं त्यांना दिलं आणि दुसरं घेतलं. मग हळूच म्हणाला, "अंबाजीगारू, ऐसा आहे. माझ्याकडची तुमची अनामत चढत्या भावात संपत आली. उद्या काही आणून ठेवा. मी स्वतःसाठी मागत नाही, माझ्यावर तेजीवाले बसलेत. नाही आणलं तर ते तुमचा सौदा जबरदस्तीनं मिटवतील, आणि माझ्यानं काही होणार नाही."

"आणतो."

"काय आणता? घर नक्को. घरावर मी घेणार नाही, सांगून ठेवतो."

"पाटल्या आहेत," अंबाजीराव म्हणाले.

अप्पारावाचा चुना लावणारा हात थांबला. पाटल्या कुणाच्या, ते त्याला माहीत होतं. सत्यवतीच्या हातच्या भाकरी त्यानं खाल्लेल्या होत्या. "बघा बुवा," एवढंच तो म्हणाला. "पण तुमचा अंदाज बराबर आहे. माझं पण मन तेच सांगतं. ह्या वलणाला नाही तर पुढच्या. एवढे दिवस थांबलात, आता कायकू सोडता."

गुरुवारी अंबाजीराव जेवले नाहीत. पाटल्या रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. जाताना फळीकडे बघितलं नाही. जयवंता खिरीसाठी गूळ चिरत होती. साखर कुठली मिळायला. तिनं मान वर केली, खिशावरचा हात बघितला आणि परत खाली बघायला लागली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना रस्त्यात वाटलं. भांडता तरी आलं असतं.

पेढीवर गर्दी होती. शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी, म्हणून गुरुवारी सगळ्यांना घाई. जिन्यावरूनच भावाचा ओरडा ऐकू येत होता. मंजिरा सकाळपासून आणखी वर. अंबाजीराव भिंतीला टेकून बसले. डोकं दुखत होतं. गेले कित्येक महिने दुखत होतं. रुमाल काढायचा, अप्पारावापुढं ठेवायचा, बस. हात खिशाशी जायचा आणि परत यायचा.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि एक माणूस वर आला. चाळिशीचा, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, एका पायात वहाण, दुसरा पाय मोकळा. खालच्या कापडवाल्याकडं तो नेहमी यायचा, मिलला कापूस घालणाऱ्या अडत्याचा माणूस. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. सरहद्दीकडचं एक गाव रात्री जाळलं. माणसं शेतात पळाली. सडक बंद झाली, कापसाच्या गाड्या माघारी गेल्या. आता मिलला कापूस जाणं नाही.

माडीवर सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. मग कुणीतरी ओरडलं, "मंजिरा बेचा!" आणि दहा आवाज त्यात मिसळले. भाव एका दमात खाली आला.

"बरं झालं," अंबाजीराव म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. त्यांना वाटलं आपण मनात म्हणालो. पण तो माणूस समोरच उभा होता. त्यानं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. तो फार दमलेला होता.

"माझं गाव हाय ते, मालक," तो म्हणाला.

अंबाजीरावांच्या तोंडावर अजून भाव पडल्याचा आनंद होता. तो तिथं आहे हे त्यांना कळत होतं आणि तो चटकन पुसता येत नव्हता. किती महिन्यांनी आला होता. बायको गेल्यापासून पहिल्यांदा आपल्याला बरं वाटलं, आणि ते कशानं? सत्यवती आत्ता दारात उभी असती तर तिनं हे तोंड बघितलं असतं. ती काही बोलली नसती. नुसती आत जाऊन बसली असती.

ते उठले. त्या माणसाला आपल्या जागेवर बसवलं, अप्पारावाच्या माठातलं पाणी दिलं. "घरची माणसं?" विचारलं.

"हायेत. भावाकडं सोडून आलो." त्यानं एका दमात पाणी संपवलं.

अंबाजीराव अप्पारावापाशी गेले. "माझे सगळे घ्या."

अप्पारावाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "घेऊ? विकू म्हणा. आत्ता तर पडायला लागला!"

"घ्या. सगळे. मिटवून टाका."

"अंबाजीगारू, डोकं फिरलं काय? महिने-महिने चढत्या भावात बसलात, आणि आज पडतोय तर पळता? तुमचा अंदाज खरा व्हायची वेळ आली, मियाँ!"

"अंदाज खरा आहे," अंबाजीराव म्हणाले. "मी खोटा पडलो. घ्या."

"लई नुकसान आहे. अनामत सगळी जाईल."

"जाईल."

"सगळी म्हणतो मी. उद्यापासून धंदा कशावर करता?"

"अप्पाराव, मला शनिवारी वाटी लागते."

अप्पारावानं त्यांच्याकडं बघितलं. त्यालाही ती वाटी माहीत होती; सोमवारच्या आत सौदा मिटवायला येणारं त्याच्याकडं हे एकच गिऱ्हाईक होतं. मागं तो त्यावरून चेष्टा करायचा. आता त्यानं चेष्टा केली नाही. पान थुंकून आला आणि गर्दीत शिरला.

सौदा मिटला. अनामत गेली. पाटल्या खिशातच राहिल्या. अंबाजीराव काचीगुड्यावरून पायी घरी आले. सुटल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. पाय जड होते आणि भूक लागली होती.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले आणि फळीवरची वाटी धरली. निघेना. पिरगाळली तेव्हा सुटली. लाकडावर हिरवं कडं उमटलेलं. आतून वाटी काळी पडली होती. ते मोरीपाशी बसले आणि चिंच लावून घासायला लागले. जयवंता दारात येऊन उभी राहिली.

"बुडालास?" तिनं विचारलं.

"हौ. घर आहे. पाटल्या आहेत."

"मग बुडालास कुठं," ती म्हणाली. "दे इकडं. बाप्या माणसाला भांडं घासता येतंय व्हय. काठ तसाच ठेवलास." पण त्यांनी दिली नाही. घासून झाल्यावर दोघं जेवली. अंबाजीरावांनी भात दुसऱ्यांदा घेतला.

शनिवारी गुळाची खीर सत्यवतीच्या वाटीत वाढली. प्रमिला येऊ शकली नाही.

सोमवारी पहाटे फौजा हैदराबादच्या हद्दीत शिरल्या. बाजार बंद, दारं बंद, डोक्यावरून विमानं. शुक्रवारी रेडिओवर सांगितलं की संपलं, निजाम शरण आला. बरकतपुऱ्यात लोक रस्त्यावर आले, एकमेकांना मिठ्या मारायला लागले. काही दारं मात्र घट्ट बंदच राहिली. आणि बाजार उघडला तेव्हा मंजिरा मिल पाव भावाला विकली जात होती.

अंबाजीराव त्या रात्री झोपले नाहीत. पुढच्या रात्रीही नाहीत. आपण बरोबर केलं असं स्वतःला सांगायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा तो भाव आठवायचा. दोन दिवस. शुक्रवारची सुट्टी धरून तीन. त्यात काय शहाणपण शोधायचं ते त्यांना कळेना. वाटीला काही कळत नव्हतं, सत्यवतीलाही कळत नव्हतं. फौज कधी येणार हे तिला कुठून कळावं?

पुढच्या आठवड्यात सकाळीच अप्पाराव पेढे घेऊन आला. बसला तो हात चोळत. "गारू, आता काय बोलू? जखमेवर मीठ नक्को. पण दोन दिवस! थांबला असता तर आज बाजाराचा राजा असता."

"थांबलो असतो तर पाटल्या तुमच्या तिजोरीत असत्या."

"आणि आजपर्यंत त्यांच्यावर दहा जोड्या चढल्या असत्या!"

आतून जयवंता बाहेर आली. ती अजून चिक्कडपल्लीला परतली नव्हती. "त्या दहा जोड्या घालायला हात कुणाचा हाय ह्या घरात?" तिनं विचारलं आणि चहाचा कप अप्पारावापुढं ठेवला.

अप्पारावानं चहा बशीत ओतला. अंबाजीरावांना त्या दिवशीचा माणूस आठवला, एका वहाणेचा. पेढीवरून उतरताना तो कुठं गेला, ते त्यांनी पाहिलं नव्हतं. नाव विचारायचं राहून गेलं होतं.

"सोलापूरची गाडी सुरू होतेय म्हणे," अप्पाराव म्हणाला.

"ऐकलं. पमीला लिहिलंय. पोराला घेऊन ये म्हटलं." ते थोडं थांबले. "पाटल्या पाठवत नाही. आली की तिच्या हातात घालीन."

"हौ, ते बरं." अप्पारावानं बशी खाली ठेवली, इकडं तिकडं बघितलं, आणि सवयीनं आवाज खाली आणला. "आता ऐका. अनामत मी सांभाळतो, थोड्यावर सुरू करा. एक दुसरा शेअर आहे. फार वर गेलाय, फौज आल्याच्या खुशीत. अंगात काही नाही त्याच्या. तुमच्यासारखा मंदीवाला पाहिजे. आज विकू थोडे?"

अंबाजीरावांच्या कपाळाची शीर उडाली नाही. शेअर कोणता, ते त्यांनी विचारलं. अप्पारावानं नाव सांगितलं. ऐकून त्यांनी मान हलवली. अंदाज ठीक वाटत होता. चुलीवर दूध वर येत असल्याचा आवाज आला तसे ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि फळीवरची वाटी घेतली.

"आज सोमवार आहे," ते म्हणाले. "उद्या बघू."